पाजवायला कुऱ्हाड नाही

आमच्या आयाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्या काळच्या शहापुरात त्यांच्याइतकं इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत हे पटायला मला सहा महिने लागले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत विषमज्वरानं गेला होता. मग ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून शहापूरला नेमणूक झाली. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी राजी नव्हतं. पोस्टमननं सांगितलं, "त्या आयाबाईला विचारा. ती कुनाला भीत नाय."

मी गेले तेव्हा त्या अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. साठीच्या घरातल्या, उंच, काटक. नेसण कुणबिणीचं, पण पायांत काळे बंदाचे बूट. माझी सगळी हकिकत त्यांनी सूप न थांबवता ऐकली आणि शेवटी म्हणाल्या, "टर्न ओव्हर अ न्यू लीफ."

मी दचकले. अंगणात फणस होता, त्याच्याकडे बघून मी विचारलं, "कुठलं पान?"

"तेच सांग. तीन चान्स."

"झाडाचं?"

"नाय."

"जेवायचं?"

"नाय गो. लग्नाला आलीस काय?"

"मग... पुस्तकाचं?"

"हां. पुस्तकाचं पान उलटलं का मागचं दिसत नाय. झालं-गेलं मागं टाकायचं आन नवीन सुरू करायचं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला वाचता येत नाय, तरी ह्ये कललं. तू तं मास्तरीन. जा, सामान आन."

मला खोली मिळाली ती अशी.

तीन चान्सचा हा नियम सगळ्यांना होता. तेल घालायला येणारी तेलीण, पोस्टमन, देवळातले गुरव, कुणीही सुटत नसे. आयाबाई इंग्रजी म्हण टाकत, मग हातातलं काम करत राहत. समोरचा तीनदा चुकल्याशिवाय अर्थ सांगत नसत. तेलीण बिचारी दर वेळी पहिला अंदाज "तेल" असाच करी. एकदा आयाबाई "टु बर्न द मिडनाइट ऑइल" म्हणाल्या, म्हणजे रात्री दिव्याचं तेल जाळत जागून काम करणं, आणि तेलीण पहिल्याच फटक्यात निम्मी बरोबर आली. त्या दिवशी तिला चहा मिळाला, बशीत नव्हे, कानाच्या कपात.

त्यांचा दुसरा नियम जास्त कडक होता. समोर तसं घडल्याशिवाय ती म्हण तोंडातून काढायची नाही. मी मॅट्रिकला बाहेरून बसायची तयारी करत होते आणि म्हणींची एक अर्थासहित यादी पाठ करत होते. एका संध्याकाळी मी मोठ्यानं घोकत होते, ते ऐकून त्या आत आल्या. "ह्ये काय, वांगी मोजतेस? यातली एक तरी तुला कोनी बोललाय?" कुणीच बोललं नव्हतं. "मग ती तुझी नाय," म्हणून त्या निघून गेल्या.

त्यांच्या सगळ्या म्हणी मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या. माहेर शेणव्याकडचं. तरुणपणीच विधवा झाल्या आणि इगतपुरीला रेल्वेच्या एका इंजिनवाल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून लागल्या. तिथे एकवीस वर्षं काढली. साहेबाची तीन मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. कुटुंब विलायतेला परत गेलं तेव्हा त्यांनी शहापुरात हे दोन खोल्यांचं घर बांधलं. इंग्रजी सगळं कानानं आलेलं. कुठली म्हण कुणी, कधी, कुठे बसून म्हटली हे त्यांना आठवे. "ही मडमेची, आंघोलीच्या खोलीतली." "ही धाकल्या बाबाची, ताप उतारला त्या दिशीची."

सुरुवातीला त्यांनी मारही खूप खाल्ला होता, म्हणजे अपमानाचा. कामावर लागून आठवडा झाला नव्हता, तेव्हा मडम रागानं म्हणाली, "पुल युवर सॉक्स अप." आयाबाई तेव्हा अनवाणी. त्यांनी तिन्ही मुलांना धरलं आणि त्यांचे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले. मग साहेब पेपर वाचत बसला होता, त्याच्यापुढे वाकून त्याचेही ओढले. मडम हसून हसून खुर्चीत बसली. "मंग मला बोलली, आयाबाय, म्हंजे नीट काम कर. मी म्हटलं, मंग तसंच बोल ना."

हे त्या हसून सांगत. पण दुसरी एक गोष्ट सांगताना हसत नसत.

बंगल्यावर पाणी भरणारा एक म्हातारा होता. एके सकाळी आयाबाईंच्या देखत व्हरांड्यात साहेब बटलरला काहीतरी म्हणाला, आणि बटलर आत येऊन म्हणाला, "साहेब बोलतो, म्हाताऱ्यानं बादलीला लाथ मारली." नवी बादली आयाबाईंनीच मागून घेतली होती. त्या तरातरा मागच्या खोलीकडे गेल्या, म्हाताऱ्याला झाडायला. दार ढकललं तर तो चादरीखाली होता. किक द बकेट म्हणजे मरणं, हे त्यांना त्याच्या उशाशी उभं राहून कळलं.

"मला मागून आठवलं," त्या सांगत, "सायेबाच्या हातात टोपी होती. मान खाली होती. मी सबूद आयकला, तोंड बघितलंच नाय. तवापासून मी आधी तोंड बघते. मानसाचं तोंड सांगतं सबूद कुठं चाललाय तो."

माझ्या यादीतल्या इंग्रजीला तोंडच नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं.

प्रत्येक इंग्रजी म्हणीला आपल्याकडची जोड शोधायची हा त्यांचा छंद होता. भाकऱ्या थापताना, तांदूळ निवडताना, कधी देवळात हात जोडलेले असतानाही त्यांना जोड सुचे. 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' त्यांना बिलकूल परकी वाटत नसे. "एका दगडात दोन पक्षी. ह्यो आपलाच. त्यांनी नेला." 'सांडलेल्या दुधाबद्दल रडू नये' या म्हणीवर मात्र त्यांचा राग होता. "ज्याच्या गोठ्यात धा गाई त्यानं केलीय ती. एका शेरडीवाल्याला इचार, रडतो का नाय."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीचा माघ महिना होता. शेणव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांचा एक पाडा होता. तिथला म्हातारा बुधा बाजाराच्या दिवशी खाली आला की आयाबाईंच्या अंगणात टेकायचा. त्या दिवशी तो खांद्यावरची कुऱ्हाड उतरवून बसला आणि कनवटीचा कागद माझ्या हातात दिला. "वाच गो बाय. काय सांगतंय बघ."

पाड्याच्या वरच्या उतारावर ही माणसं दर वर्षी झाडांच्या फांद्या उतरवत. त्या वाळवून भाताच्या रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि भाजायच्या. याला राब म्हणतात. राब झाला नाही तर डोंगराच्या हलक्या जमिनीत रोप धरत नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. त्या सालापासून फांद्या तोडायला बंदी झाली होती. पाड्यानं अर्ज केला होता, त्याचं उत्तर हे.

मी वाचलं: "पूर्वीच्या साहेबांनी आपल्या शेऱ्यात असे स्पष्ट नमूद केले आहे की, या लोकांजवळ पाजवण्यास कुऱ्हाड नाही. सबब हे लोक पूर्वापार फांद्या तोडीत आले, हा दावा खोटा ठरतो."

बुधानं शेजारची, नुकतीच धार लावलेली कुऱ्हाड उचलून माझ्यासमोर धरली. "मंग ही काय हाय?"

बुधा हळूच म्हणाला, "शिमग्यापातुर फांद्या उतरल्या नाय तं वाळायच्या कवा? अठरा घरं हायेत. पोरांना घेऊन कुठं खाली उतरायचं, त्यो इचार चाललाय."

आयाबाई चुलीपाशी होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या. "परत वाच."

मी परत वाचलं.

"पाजवायला कुऱ्हाड नाय." त्यांनी डोळे मिटले. "गोऱ्या सायेबानं लिवलं होतं ना? मुळात इंग्रजीत?"

"शेरा इंग्रजीतच असणार."

"दे हॅव नो ॲक्स टु ग्राइंड," आयाबाई म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून त्यांनी, मी ओळखत होते तितक्या काळात पहिल्यांदाच, तीन चान्स दिले नाहीत. "अगो, त्या कुऱ्हाडीत कुऱ्हाड नाय. आमच्या सायेबाकडं एक डागतर जेवायला यायचा. सायेब मडमेला बोलला, ह्याच्यावर भरवसा ठेव, ही हॅज नो ॲक्स टु ग्राइंड. म्हंजे ह्याला मधल्या मधी आपली पोळी भाजून घ्यायची नाय. मतलबी नाय, खरा मानूस. कुनीतरी कागदाचा सबूद घेतला आन तसाच मांडला. कागदाला तोंड नसतं, म्हणून चुकला."

"पण या लोकांना तर फायदा होताच ना?" मी म्हटलं. "मग साहेब त्यांना मतलब नाही असं कसं लिहील?"

आयाबाई बुधाकडे वळल्या. "तवा, त्या आधीच्या सायेबापुढं साक्ष कोनी दिली होती?"

बुधानं आठवून सांगितलं, "आमी कुठं. खालच्या गावचे म्हातारे आले होते. तेच बोलले, ह्ये पाड्याचे लोक आमी लहान होतो तवापासून फांद्या उतरवतात."

"मग त्यांच्याबद्दल हाय ते," आयाबाई म्हणाल्या. "त्यांना कुऱ्हाड नव्हती. तुमाला हाय."

मोठा साहेब आठ दिवसांनी मुरबाडला मुक्कामाला येणार होता, तिथे अपील ऐकणार होता. मी दोन दिवसांची रजा काढली. आयाबाईंनी बुटांना तेल लावलं. आम्ही दोघी बैलगाडीत आणि पाड्याची बारा माणसं चालत, असे सापगाव, शेणवा, किन्हवली करत मुरबाडला पोचलो.

बंगल्याच्या आवारात गर्दी होती. व्हरांड्यात टेबलाशी साहेब, शेजारी चष्मा लावलेला कारकून. पाड्याचं नाव पुकारलं तेव्हा बुधा हात जोडून उभा राहिला आणि त्याला एक शब्द फुटेना. मी पुढे होऊन मराठीत सांगू लागले, तर कारकून म्हणाला, "बाई, आपण वकील आहात का? नाही ना? मग बाजूला व्हा." त्यानं साहेबाला इंग्रजीत काहीतरी भरभर सांगितलं, साहेबानं मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. सगळं मिनिटभरात आटोपलं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. "बेगिंग युवर पार्डन, सर. दीज मेन हॅव ॲन ॲक्स टु ग्राइंड. द अदर ओल्ड मेन हॅड नो ॲक्स. ॲण्ड नाउ वुई ऑल हॅव अ बोन टु पिक."

साहेबाचा हात कागदावरच थांबला. त्यानं वर पाहिलं. पायऱ्यांच्या खाली कुणबी लुगड्यातली एक म्हातारी उभी होती, बूट जुळवून.

"हू टॉट यू दॅट?" त्यानं विचारलं.

"इगतपुरी, सर. ट्वेंटीवन इयर्स. थ्री चिल्ड्रन."

'बोन टु पिक' म्हणजे तक्रार, हाडाशी काही संबंध नाही, हे मला तिथेच कळलं. पाड्याच्या माणसांना तेवढंही कळलं नाही. ती नुसती आयाबाईंच्या पाठीकडे बघत होती.

साहेबानं जुना शेरा मागितला. कारकुनानं दप्तर उलगडलं. साहेब वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा लाल होत गेला. मग त्यानं कारकुनाला शांतपणे विचारलं, हा मराठी तर्जुमा कुणी केला. तर्जुमा त्याचाच होता.

आयाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता या त्याला सोलणार. त्या म्हणाल्या, "गुड मॅन, सर. ओन्ली बार्किंग अप द राँग ट्री."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. बुधानं घाबरून मला विचारलं, "कोनचं झाड बोलली? आमी साग नाय तोडला." भलत्याच झाडाखाली कुत्रा भुंकतो तसं, म्हणजे चुकीच्या जागी शोध घेणं, हे मी त्याला सांगेपर्यंत साहेब उठला होता. उठताना तो म्हणाला, "आय विल स्लीप ऑन इट," आणि आत गेला.

कारकुनानं सवयीनं सांगून टाकलं, "साहेब झोपायला गेले."

बारा माणसांचे चेहरे पडले. एवढं चालून आलो आणि साहेब झोपला. एकजण तर पटका झटकून निघालाच. आयाबाईंनी त्याला हाताला धरून बसवलं. "झोपला नाय. इचार करतोय. आज बोलत नाय, उद्या सकाली बोलंल. मोठ्या गोष्टीवर एक रात गेलेली बरी, असा त्यांचा रिवाज हाय."

"आन नाय बोलला तं?" त्यानं विचारलं.

"त्याचं तोंड बघितलंय मी," आयाबाई म्हणाल्या, आणि भाकरीचं फडकं सोडलं.

सकाळी आठाच्या सुमारास आम्हाला बोलावलं. साहेबानं स्वतः हुकूम लिहिला होता. उतारावरचा फांद्यांचा हक्क कायम. मग त्यानं कागद कारकुनापुढून उचलून आयाबाईंपुढे धरला आणि म्हणाला, याचा तर्जुमा ही बाई सांगेल. त्यांना वाचता येत नाही हे कळल्यावर त्यानं तो एकेक वाक्य थांबत वाचून दाखवला. आयाबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले.

"लिव," त्या म्हणाल्या. "खालच्या गावच्या म्हाताऱ्यांना ह्यात आपली पोळी भाजून घ्यायची नव्हती. म्हणून त्यांचा सबूद खरा धरलाय."

कारकून हळूच म्हणाला, "सरकारी कागदात पोळी कशी बसेल?"

"कुऱ्हाड बसली ना?" आयाबाई म्हणाल्या. "पोळी तिच्यापेक्षा मऊ हाय."

कागदावर पोळीच राहिली. साहेबानं खाली सही केली.

परतीच्या वाटेवर ती बारा माणसं गात होती. त्यांच्या गाण्याचे शब्द मला कळले नाहीत, पण एक शब्द पुनःपुन्हा येत होता, 'आयाबाय'. गाडीत त्या ताठ बसून होत्या. किन्हवली मागे पडल्यावर त्यांनी बूट काढले, पाय पुढे पसरले आणि म्हणाल्या, "पाय सुजलेत माजे." मग मला डुलकी लागली, आणि बुधा त्यांच्या बाजूनं गाडीला हात लावून चालत राहिला.

चैत्रात आम्ही पाड्यावर गेलो. उताराखालच्या प्रत्येक वाफ्यावर फांद्या पसरलेल्या होत्या. बुधानं पहिल्या वाफ्याला विस्तव लावायचा मान आयाबाईंना दिला. त्यांनी पेटती चूड लावली, धूर डोळ्यांत गेला, तरी त्या मागे सरल्या नाहीत. त्या साली पाड्याचं एकही घर खाली उतरलं नाही.

चष्मेवाला कारकून पुढे दोन महिन्यांनी आमच्या अंगणात उभा राहिला. काखेत वही होती. मी दारातच त्याला जरा तुटकपणे विचारलं, काय काम आहे. तो म्हणाला, "शिकायचं आहे." आयाबाईंनी त्याला पाट दिला आणि म्हणाल्या, "तीन चान्स." त्यानंतर तो शहापुराकडे आला की रविवारी हमखास यायचा. त्याची वही जाड होत गेली. प्रत्येक म्हणीपुढे त्यानं अर्थ लिहिला होता आणि अर्थापुढे, कुणी कुणाला म्हटलं, तेही. मी मॅट्रिक झाले ती त्या वहीवर. घोकलेली यादी मी पुन्हा कधीच उघडली नाही.

पुढे मी त्याच शाळेची हेडमास्तरीण झाले. वरच्या वर्गाला थोडं इंग्रजी सुरू केलं होतं. शनिवारी शेवटचा तास मी आयाबाईंना देत असे. त्या खुर्चीवर बसत नसत, मुलींच्यात बैठक मारत. याला कुठल्याही नियमाचा आधार नव्हता, आणि एक दिवस इन्स्पेक्टर अचानक नेमके शनिवारी आले.

त्यांनी विचारलं, या बाई कोण? मी खरं ते सांगितलं. त्यांनी आयाबाईंच्या शिक्षणाचा दाखला विचारला. आयाबाई म्हणाल्या, "दाखला नाय. पोरी हायेत. त्यांना इचारा."

इन्स्पेक्टरांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर होती. मग त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्या मुलीकडे बोट केलं. ती त्या पाड्यावरची होती, बुधाच्या मुलाची मुलगी. त्या पाड्यावरून शाळेत आलेली पहिली मुलगी. गावात मावशीकडे राहायची आणि वर्गात सहसा तोंड उघडायची नाही.

"टु कॅरी द डे," इन्स्पेक्टर म्हणाले. "अर्थ?"

ही म्हण आयाबाईंनी वर्गात कधी सांगितली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. दिवस वाहून नेणे, असं कुणीही म्हटलं असतं. मी स्वतः तसंच म्हटलं असतं.

मुलगी उभी राहिली. तिनं इन्स्पेक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. मग आयाबाईंकडे न बघता म्हणाली, "सायेब, ते आमी पाड्यावर असतो तवा आजा सांगतो. मुरबाडास्न परत येताना आयाबाय बोलली होती गाडीत. आजानं इचारलं तं तिनं त्याला तीन चान्स दिले."

"आणि अर्थ काय?"

"आमी जिकलो," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली. मागे मुलींच्यात बसलेल्या आयाबाईंनी पदरानं नाक पुसलं, आणि मुलींना म्हणाल्या, "बसा आता गप. तिचं बरोबर हाय."